मॅकडॉवेल काउंटीचे आकडे

अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे प्रशासकीय विभाग ‘काउंटी’ या नावाने ओळखले जातात. आपल्याकडील जिल्ह्याशी काउंटीचे ढोबळ साम्य आहे; मात्र लोकसंख्येने ती पुष्कळदा एखाद्या तालुक्याहूनही लहान असते. तेथील जनगणना विभाग प्रत्येक काउंटीची माहिती आकड्यांत प्रसिद्ध करतो. माणसे किती, त्यांचे वय काय, उत्पन्न किती, शिक्षण कोठवर झाले, काम करणारे किती, हे सारे त्यात असते. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, डोंगरदऱ्यांत वसलेल्या मॅकडॉवेल काउंटीचा असा तक्ता वाचणाऱ्याच्या मनात दारिद्र्य हाच शब्द प्रथम येतो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. अपुऱ्या शब्दावरून तेथील माणसांविषयी मत बनवणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

१९५० च्या जनगणनेत या काउंटीत ९८,८८७ माणसे होती. २०२० मध्ये ती १९,१११ उरली, म्हणजे पाचातला एक भागही नाही. येथे दुष्काळ पडला नव्हता की युद्ध झाले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि येथील उत्तम प्रतीचा दगडी कोळसा बाहेर जाऊ लागला. दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली व हंगेरीतून स्थलांतरित आले. कंपनीनेच बांधलेल्या घरांत ते राहत आणि कंपनीच्याच दुकानातून धान्य घेत. कोळशाच्या उत्पादनात ही काउंटी देशात आघाडीवर होती. पुढे कोळसा खणणारी व भरणारी यंत्रे खाणीत उतरली. कोळसा निघतच राहिला. मजूर तेवढे नकोसे झाले. १९५० ते १९६० या दहा वर्षांत सत्तावीस हजारांहून अधिक लोकसंख्या घटली. १९८० च्या दशकात पोलाद कंपनीच्या मोठ्या खाणीही बंद पडल्या.

या काउंटीची बरीचशी जमीन आणि जमिनीखालचा कोळसा बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीचा होता. त्यामुळे नफा आगगाडीबरोबरच निघून गेला. हा नफा मॅकडॉवेलच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही. दिसते ते मागे राहिलेल्यांचे उत्पन्न. घर रिकामे करून नेणाऱ्याचा हिशेब न मांडता घरात उरलेली भांडी मोजावीत, तसा हा प्रकार आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९६० च्या निवडणूक प्रचारात जॉन केनेडी या भागात फिरले आणि येथील उपासमार त्यांनी पाहिली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या योजनेतील पहिली अन्नकुपने २९ मे १९६१ रोजी याच काउंटीतील एका कुटुंबाला मिळाली. कुपनाने चूल पेटली. रोजगार मात्र आला नाही. पुढे २०१० च्या सुमारास येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षे होते. काही तासांच्या मोटारप्रवासावर असलेल्या, शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स या संपन्न काउंटीत ते ८२ वर्षे होते. एकाच देशातले हे अठरा वर्षांचे अंतर कोणत्याही टीकाकाराला अंतर्मुख करील.

सर्वांत फसवा आकडा आहे तो श्रमबलाचा. सोळा वर्षांवरील किती जण काम करतात किंवा काम शोधतात, हे तो सांगतो. मॅकडॉवेलमध्ये हे प्रमाण फार कमी आहे, आणि त्यावरून ‘या लोकांना कामच नको’ असे म्हणणारे आढळतात. पण श्रमबलाबाहेर कोण गणले जातात? सेवानिवृत्त, अपंग, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थी. तीस वर्षे कोळशाची धूळ छातीत साठवून जिना चढताना धापा टाकणारा खाणकामगारही त्यातच येतो. या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाची भरपाई मिळावी म्हणून वेस्ट व्हर्जिनियातील हजारो कामगारांनी १९६९ मध्ये संप केला, तेव्हा कोठे त्या वर्षी राज्याचा व देशाचा कायदा झाला. ज्याने श्रमातच शरीर झिजवले, त्याची नोंद तक्त्यात ‘श्रम न करणारा’ अशी व्हावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

काउंटी सोडून गेलेल्यांची कथा याच्या उलट आहे. येथील कोलवुड या खाणवस्तीत वाढलेले होमर हिकम पुढे ‘नासा’ या अवकाशसंस्थेत अभियंता झाले. आपल्या बालपणावर त्यांनी लिहिलेले ‘रॉकेट बॉइज’ हे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर चित्रपटही निघाला. काउंटीच्या शाळेने घडवलेला असा विद्यार्थी मॅकडॉवेलच्या तक्त्यात केवळ एकाने घटलेली लोकसंख्या म्हणून उरतो. त्याचे शिक्षण व मिळकत दुसऱ्याच काउंटीची शोभा वाढवतात.

याउलट, २०१० मध्ये येथे केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. अमेरिकेत कैद्याची गणना तो ज्या तुरुंगात असेल तेथेच होते, मग त्याचे घर कोठेही असो. त्यामुळे २०२० च्या त्या १९,१११ माणसांत या तुरुंगातले कैदीही आहेत, आणि श्रमबलाच्या तक्त्यात त्यांचीही नोंद ‘श्रमबलाबाहेर’ अशीच होते.