पाच लाखांचं कार्ड आणि आजीचं बीपी

शनिवारी कोळवणला गेलो. आजीने आयुष्मान कार्ड दाखवलं, "पाच लाखाचं हाय म्हनं." त्याच पिशवीत बीपीच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप!

आता गंमत बघा. २०१२ ची जीवनदायी, २०१७ मध्ये तिचंच नाव महात्मा फुले, २०१८ चं आयुष्मान, २०२३ मध्ये दीडाचे पाच लाख आणि सगळ्यांना लागू करायचा निर्णय. पैसे कशाचे? ऑपरेशन, अॅडमिशन, डायलिसिस, केमो. साध्या ओपीडीचे नाहीत. म्हणजे आजीला अॅटॅक आला तर अँजिओप्लास्टी फुकट, पण तो येऊ नये म्हणून महिन्याला बीपी बघणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरचं पॅकेजच नाही. सर्व्हर बसल्याशिवाय सपोर्ट नाही, असं कॉन्ट्रॅक्ट आमचा एक तरी क्लायंट सही करेल का?

"सरकारी दवाखाना आहे की" म्हणाल. आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पण एमबीबीएसवाला बॉण्डचं एक वर्ष भरून निघून जातो, आणि आजी पुन्हा नव्या डॉक्टरला "वीस वर्षं झाली बीपीला" पासून सुरुवात करते.

माझं म्हणणं साधं आहे. त्या पाच लाखांतले थोडे पैसे दरवर्षी घरच्यांनी निवडलेल्या एका डॉक्टरला द्या, गोळ्यांसकट. आजीला विचारलं, कुणाला निवडशील? तिने ज्यांचं नाव घेतलं त्यांचा दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली.