विकतचे प्रमाणपत्र नको!

वडील गेल्यावर नैराश्याने खचलेली आई सावरली ती मांजरीमुळे. नव्या घरमालकाने मात्र प्राण्यांना मनाई केली. आईला थेरपिस्टकडे नेण्याचा संकोच, म्हणून मी इंटरनेटवरून प्रमाणपत्र विकत घेतले. पैसे वाया गेले. मानसिक आधाराच्या प्राण्यांची सरकारी नोंदणी मुळी नसतेच. उपयोगी पडते ते उपचार करणाऱ्यांचे पत्र. आमच्या कॅलिफोर्नियात कुत्र्यासाठी असे पत्र देण्यापूर्वी किमान ३० दिवसांचा उपचारसंबंध १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे. मागणी मान्य झाल्यावर वेगळे पेट डिपॉझिट द्यावे लागत नाही. नुकसान झाल्यास भरपाई मात्र आपलीच. मंडळी, कायदा आपल्या बाजूने आहे. आड येतो तो आपला संकोच. मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जातो, तसेच मनासाठीही जावे.