दहा पैशांचा फरक

2000 सालची उन्हाळ्याची सुट्टी. अमेरिकेहून बुऱ्हाणपूरला आलेल्या भाच्याने गेमबॉयला चीट कोडचं यंत्र लावलेलं. कोड टाकला की मेमरीतले आकडेच बदलतात, खेळातला जीव संपतच नाही! माझ्या मुलालाही तेच हवं. मी साफ नाही म्हटलं. मेहुणे म्हणाले, "कायद्याने चालतं हो!" खरंय, अशाच गेम जिनी यंत्राविरुद्धचा निन्टेन्डोचा दावा तिथल्या न्यायालयाने 1992 मध्ये अपिलातही फेटाळला. म्हणून काय झालं? बँकेत दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्रीपर्यंत खतावण्या चाळायचो. खिशातले दहा पैसे टाकले असते तर हिशेब जुळला असता, चूक तशीच राहिली असती. हरायला न शिकलेल्या पोराचा ताळेबंद असाच खोटा. मुलगा दोन दिवस बोलला नाही. आता नातवाचं मोबाईलवर तेच मागणं आहे. यंदा नाही म्हणाला तो माझा मुलगा.