वहीशिवाय एक दिवस



श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रत हे पहिले गुणव्रत होय. दहाही दिशांना आपण किती दूर जाणार याची मर्यादा आखून घ्यावी, हा त्याचा सरळ अर्थ. देशव्रत किंवा देशावकाशिक व्रतात हीच मर्यादा एखाद्या दिवसापुरती आणखी आवळली जाते. आपल्या जाण्या-येण्याने घडणाऱ्या हिंसेचे आणि लोभाचे क्षेत्र लहान व्हावे, हा त्यामागील मूळ हेतू. त्या हेतूला बाध न आणता, या व्रताचा आणखी एक लाभ मी येथे मांडू इच्छितो. बाहेरची धाव थांबली की मर्यादेच्या आतले जग दिसू लागते.

दिवाळीचे हिशेब आटोपले की आपल्या घरांतून सहलीचे बेत सुरू होतात. मनाली, केरळ, दुबई, सिंगापूर. त्यात गैर काही नाही. परंतु ढाणकीत जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांना बिटरगावच्या पुढचा रस्ता कोठे जातो, असे विचारून पाहावे. बहुतेकांना गावांची नावे ठाऊक असतात. कारण ती खातेवहीत असतात. गावे मात्र पाहिलेली नसतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांकडून दरवर्षी ऑक्टोबरात लाल-पिवळ्या पानांनी भरलेल्या डोंगरांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर येतात. त्यांतील पुष्कळशी अॅपलाचियन पर्वतरांगेतील असतात. तेथे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतून ‘ब्लू रिज पार्कवे’ नावाचा सुमारे ७५५ किलोमीटरचा रस्ता जातो. हा रस्ता माल वाहून नेण्यासाठी नाही. मालमोटारींना तेथे मनाईच आहे. वेगाची कमाल मर्यादा ताशी सुमारे ७२ किलोमीटर. डोंगर, दऱ्या आणि लहान गावे पाहत सावकाश जावे, एवढ्यासाठीच तो बांधला गेला. काम सुरू झाले १९३५ साली. जागतिक मंदीमुळे बेकार झालेल्या हातांना काम मिळावे, हा त्यामागील एक प्रमुख उद्देश होता. रस्ता पूर्ण व्हायला १९८७ साल उजाडले.

हे वाचून आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे रस्त्यांच्या, नालाबांधाच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर राबली. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या अशा हातांनी महाराष्ट्रातील कितीतरी रस्त्यांचा पाया घातला आहे. अमेरिकेतील तो रस्ता पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात. आपल्या रस्त्यांनी आपण केवळ खरेदीला आणि वसुलीला जातो.

म्हणून माझी सूचना अशी : वर्षातून एक-दोन दिवस खातेवही घरी ठेवून, सहकुटुंब, याच रस्त्यांनी निघावे.

पहिला दिवस पैनगंगेसाठी ठेवावा. ढाणकीहून बिटरगावकडे निघाले की प्रथम काळी कसदार जमीन लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून उसळलेल्या लाव्हाचा थरावर थर साचून जो काळा पाषाण झाला, त्याच्याच झिजेतून ही माती तयार झाली. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही तिची देणगी. आणि आपल्या पेढ्यांची भरभराटही तिचीच. पुढे शेते विरळ होतात आणि सागवान सुरू होते. हे पैनगंगा अभयारण्याचे क्षेत्र. त्यातील आणि त्याच्या भोवतालच्या गावांना आपण ‘बंदीभाग’ म्हणतो. आंध, गोंड, कोलाम आणि बंजारा समाजाची ही वस्ती. पावसाच्या अखेरीस सागाला पांढुरके तुरे येतात. माघ-फाल्गुनात त्याची पाने गळतात आणि त्याच सुमारास पळस पेटल्यासारखा फुलतो. परदेशातील रंगीत पानांचे कौतुक अवश्य करावे, परंतु आपल्या फाल्गुनातील पळसही एकदा जवळून पाहावा.

याच भागातून मुरली गावाच्या बाजूने सहस्रकुंड धबधब्याकडे जाता येते. काळ्या खडकाच्या रुंद पायरीवरून पैनगंगा अनेक धारांनी खाली झेपावते. अलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा, पलीकडचा नांदेडचा. एके काळी ही केवळ जिल्ह्यांची सीमा नव्हती. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पलीकडे निजामाचे राज्य उरले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या पाण्याच्या दोन काठांवर दोन राजवटी होत्या. सोयरिकी आणि व्यापार मात्र दोन्ही काठांवर चालत राहिले. मुलांना हा इतिहास पुस्तकातून सांगण्यापेक्षा नदीकाठी उभे करून सांगावा. तो चटकन उमगतो.

धबधब्याचे पूर्ण रूप पावसाळ्यात दिसते. आणि तोच आपला चातुर्मास. ज्यांनी प्रवासाची मर्यादा घेतली असेल त्यांनी ती मोडू नये. कार्तिक पौर्णिमेनंतर धारा बारीक होतात, परंतु पाण्याने कोरलेला खडक तेव्हाच नीट न्याहाळता येतो. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी पात्रातील खडकावर उतरण्याचा मोह टाळावा. वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की आकाश निरभ्र असतानाही प्रवाह वाढू शकतो.

दुसरा दिवस माहूरसाठी. उमरखेड, महागाव, धनोडा असा हा मार्ग. उमरखेडच्या आसपास कालव्याच्या पाण्यावरील ऊस आणि हळद दिसते. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूरचे डोंगर समोर येतात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले रेणुकामातेचे स्थान, दत्तशिखर आणि जुना किल्ला यांमुळे माहूर सर्वांनाच परिचित आहे. तेथील पांडवलेणी मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. ती राष्ट्रकूटकालीन मानली जाते. याच राष्ट्रकूट वंशातील सम्राट अमोघवर्ष हा आचार्य जिनसेनांचा भक्त होता, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

दोन्ही फेऱ्या एकाच दिवसात उरकण्याचा हव्यास धरू नये. पहाटे नव्हे, चांगले उजाडल्यावर निघावे. दशम्या, चटणी, खाकरे आणि गाळून उकळलेले पाणी सोबत असावे. म्हणजे वाटेत भक्ष्याभक्ष्याचा प्रश्न उरत नाही आणि प्लॅस्टिकच्या बाटल्याही रानात पडत नाहीत. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार व्हावा, असा हिशेब ठेवावा. जंगलातून दिवसाउजेडी बाहेर पडणे हे रोही, चितळ, अस्वल यांच्याही हिताचे आहे. अंधारात भरधाव मोटारीखाली सापडलेल्या जिवाची हिंसा ही ‘नकळत घडली’ एवढ्याने पुसली जात नाही.

वेगाविषयी आणखी एक गोष्ट. कार्तिक पौर्णिमेनंतर आपले साधू-साध्वी याच रस्त्यांनी पायी विहार करतात. विहारातील अपघातांच्या वार्ता दरवर्षी आपले मन विदीर्ण करतात. मालमोटारचालकांना आपण दोष देतो. परंतु सकाळच्या धुक्यात आपली स्वतःची मोटार किती वेगाने जाते, याकडेही पाहिले पाहिजे. रस्त्याच्या कडेने पायी जाणारे प्रत्येक माणूस, मग ते पूज्य महाराजसाहेब असोत की शाळेला निघालेले तांड्यावरचे मूल, आपला वेग कमी करायला पुरेसे कारण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या पाहणीसाठी मी अशा पुष्कळ गावांना गेलो. कार्यालयात बसून पाहिले की प्रत्येक खाते ‘नियमित’ किंवा ‘थकीत’ असते. शिवारात गेल्यावर निराळे काही दिसते. रात्रभर मचाणावर जागूनही रानडुकरांनी लोळवलेली ज्वारी दिसते. नाल्याला पूर आला की बाजाराची वाट बंद झालेली दिसते. आठवडी बाजाराला न आलेले गिऱ्हाईक टाळाटाळ करत होते की नाल्याच्या पलीकडे अडकले होते, हे दुकानाच्या गादीवरून कळत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना ते कळत होते. बैलगाडीने ते गावोगाव हिंडत. कोणाच्या विहिरीला पाणी किती, कोणाच्या घरी लग्न केव्हा, हे त्यांना पाठ असे. त्यांच्या व्यवहारात सारेच चोख होते असे मी म्हणणार नाही. परंतु माणूस ओळखून उधारी देण्याची आणि माणूस ओळखून थांबण्याची रीत त्यांना त्या प्रवासाने शिकवली होती. आज पैसे मोबाइलवरून येतात, माल फोनवर ठरतो, आणि पुढची पिढी गिऱ्हाइकाला केवळ भ्रमणध्वनीच्या क्रमांकाने ओळखते. हा दुरावा असाच वाढत गेला, तर ज्या मातीवर आपली पेढी उभी आहे तिच्याशी आपले नाते केवळ आकड्यांचे उरेल; आणि अशा नात्याला पडत्या काळात कोणीच जागत नाही.

म्हणून येत्या कार्तिक पौर्णिमेनंतर दुकानाच्या सुटीचा एक दिवस काढावा. मुलांना आणि सुनांना घेऊन निघावे. वाटेत एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या अंगणात घटकाभर बसावे. त्याच्या शेताची विचारपूस करावी, त्याच्या मुलांची नावे आपल्या मुलांना सांगावीत. बाकीचा विषय त्या दिवशी आपण होऊन काढू नये. त्याने काढलाच, तर ‘आज वही आणलेली नाही’ असे हसून सांगावे.

जय जिनेन्द्र!