चाचणीचा धडा रुळांपर्यंत पोहोचावा

तेलंगणातील गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान ४ मार्च २०२२ रोजी दोन इंजिने एकाच रुळावरून मुद्दाम समोरासमोर सोडण्यात आली. त्यांपैकी एकात खुद्द रेल्वेमंत्री होते. ‘कवच’ या स्वदेशी यंत्रणेने आपोआप ब्रेक लावले आणि दोन्ही इंजिने ३८० मीटरचे अंतर राखून थांबली. यंत्रणा या कसोटीला उतरली. मात्र चाचणीतील यशाचे रूपांतर प्रवाशाच्या सुरक्षिततेत होण्यास किती काळ लागतो, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही आणि आजही तो कायम आहे.

‘कवच’च्या प्रवासी गाड्यांवरील चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. २०२० मध्ये या यंत्रणेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. तरीही २०२४ च्या मध्यापर्यंत ती दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटर मार्गापुरतीच मर्यादित होती. देशातील रेल्वेमार्गांची एकूण लांबी सुमारे ६८ हजार किलोमीटर आहे. लखनौच्या ‘आरडीएसओ’ या संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये सुधारित आवृत्तीला मान्यता दिली, तेव्हा कुठे विस्ताराला वेग आला.

परंतु सारी आशा एका यंत्रावर ठेवणे धोक्याचे ठरेल. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि गाडी मात्र लूप लाइनवरील मालगाडीवर जाऊन आदळली. २९० हून अधिक प्रवासी प्राणांना मुकले. सिग्नलच्या जोडणीत बदल करताना झालेल्या चुका त्याला कारणीभूत असल्याचे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले. ‘कवच’ही सिग्नल यंत्रणेकडून मिळणाऱ्या माहितीवरच विसंबते, मुळातील माहिती खोटी असेल, तर पहारेकरीही फसतो.

त्याच चौकशीतील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. सुमारे वर्षभर आधी, १६ मे २०२२ रोजी, त्याच खडगपूर विभागातील बांकडा नयाबाज स्थानकात चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच दोष निवारला असता, तर बहानगाची दुर्घटना टळली असती, असे आयुक्तांनी नमूद केले. म्हणजे इशारा मिळाला होता. तो शेजारच्या स्थानकांपर्यंत पोहोचला नाही.

१७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमधील रांगापाणीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. सकाळपासून स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते आणि गाड्या कागदी परवान्यावर चालत होत्या. त्या परवान्यावर वेगाची मर्यादा नव्हती. लोको पायलटांनी त्याचे आपापल्या परीने वेगवेगळे अर्थ लावले. यंत्र बंद पडल्यावर माणसाने नेमके काय करायचे, याचीही चाचणी व्हायला हवी, हाच त्याचा धडा.

रेल्वेच्या पदरात यश नाही असे नव्हे. २०१४-१५ मधील १३५ गंभीर अपघातांची संख्या २०२४-२५ मध्ये ३१ वर आली. ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. टकरीत एकमेकांवर न चढणारे एलएचबी डबे आले. मात्र रुळांची तपासणी करणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्क्यांपर्यंत तूट असल्याचे ‘कॅग’ने २०२२ च्या अहवालात दाखवून दिले. तपासणीच झाली नाही, तर दोष कळणार कसा?

येथे व्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. यंत्रणा विकत घेणारी, तिची चाचणी करणारी आणि ती वापरणारी संस्था एकाच मंत्रालयाची आहे. सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, ही योग्य योजना. पण त्यांना शिफारसच करता येते, अंमलबजावणी रेल्वेच्याच हाती राहते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्येच वैधानिक सुरक्षा प्राधिकरण आणि थेट सरकारला जबाबदार असलेली संशोधन परिषद सुचवली होती. पैशाची तरतूद नंतर झाली. स्वायत्ततेची मात्र झाली नाही.

प्रत्येक चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा आणि त्यातील कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाकारली व का, याचा हिशेब संसदेपुढे यावा. हे करण्यासाठी नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. संशोधनाचे मोल प्रयोगशाळेत ठरत नाही. एका स्थानकात सापडलेली चूक दुसऱ्या स्थानकात पुन्हा घडते की नाही, यावर ते ठरते.