चार आठवडे चटईवर

दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही. ‘बोलेल हळूहळू’ असा दिलासा मिळतो आणि उपचारांची मोलाची वर्षे हातची जातात. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वयोगटातील आठांपैकी जवळपास एका मुलात मेंदूविकासाशी निगडित विकार आढळला. छत्तीसगडात बस्तरपासूनची मुले उपचारांसाठी रायपूर गाठतात. तिथल्या निवासी डॉक्टरांनी हे विकार वेळीच ओळखायला हवेत.

त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची जिल्हा सेवा बंधनकारक केली आहे. बालरोग विभागाच्या विद्यार्थ्यांनी त्यातले चार आठवडे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात घालवावेत. चटईवर बसून थेरपिस्ट मुलाची मान कशी सावरतात, आई चमचा धरायला कसे शिकवते, हे पाहावे. आईशी छत्तीसगढी किंवा गोंडीत बोलता यावे, म्हणून दुभाषी सोबत असावा. निदान पुस्तकातून कळते. मूल मात्र जवळ बसल्याशिवाय कळत नाही. छत्तीसगड सरकारने आणि रायपूरच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाने हे पाऊल याच वर्षी उचलावे.