पाठांतराकडून प्रार्थनेकडे

ख्रिस्ती कुटुंबातील मूल सहासात वर्षांचे झाले की प्रभूची प्रार्थना त्याला मुखोद्गत होते. पुढे शब्बाथ शाळेत वचने पाठ होतात, कॅथलिक घरांत संध्याकाळच्या जपमाळेची सवय लागते, दृढीकरणाच्या संस्कारासाठी प्रश्नोत्तरे घोकली जातात. या सर्वांतून रीतसर पार पडलेले मूल चौदा-पंधराव्या वर्षी मात्र प्रार्थनेच्या वेळी घड्याळाकडे पाहू लागते. ओठ हलत राहतात, मन अन्यत्र असते. मग वडीलधाऱ्यांची तक्रार सुरू होते आणि दोष कधी मोबाइलवर, कधी मित्रमंडळींवर, तर कधी कॉलेजच्या वाऱ्यावर टाकला जातो. या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. तथापि जे मुलाच्या हाती दिले तेच अपुरे होते काय, हा प्रश्न घराने आणि मंडळीने स्वतःला क्वचितच विचारलेला दिसतो.

हा प्रश्न शहरापेक्षा खेड्यात अधिक तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होती. आणि तिच्यातील मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशा ठिकाणी एकवटलेला आहे. वसईच्या मुलाला चर्च, गायकवृंद, तरुणांचा संघ आणि समवयस्क सोबती हे सारे आयते लाभते. कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावी वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला यांतील फारसे काही मिळत नाही. सभोवती शेतकऱ्यांची गावे, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. कॉलेजसाठी नेरळपर्यंत जाऊन पुढे लोकल गाठायची. वर्गात आपल्या धर्माचा आपण एकटाच, ही जाणीव त्याच्या मनात सदैव असते. अशा मुलाच्या बाबतीत चर्चची सारी जबाबदारी घरातल्या एका खोलीवर येऊन पडते. तेथली प्रार्थना जिवंत असेल तरच त्याचा देवाशी संबंध टिकतो. ती निर्जीव झाली, तर त्याला सावरून धरणारी दुसरी संस्था जवळपास नसते.

चौदा ते अठरा हे वय वारशाने मिळालेली गोष्ट पारखून घेण्याचे आहे. या वयातील मूल आईवडिलांचे राजकीय मत तपासते, कपड्यांची आवड तपासते, तसाच त्यांचा देवही तपासते. ही उद्धटपणाची खूण नसून श्रद्धा स्वतःची होऊ पाहत असल्याची खूण आहे. नेमक्या याच वेळी घर दोन चुका करते. पहिली चूक प्रार्थनेला हजेरीचे रूप देण्याची. सर्वजण गुडघे टेकून बसले की नाही, एवढेच पाहिले जाते. दुसरी चूक प्रार्थनेला व्यवहाराचे रूप देण्याची. दहावीचे वर्ष आले की घरात प्रार्थना वाढतात आणि देव म्हणजे परीक्षा मंडळातील कोणी वजनदार अधिकारी असावा, अशी समजूत मुलाच्या मनात रुजते. मग अपेक्षित गुण पडले नाहीत तर गुणपत्रिकेबरोबर देवही खाली येतो.

यावरील उपाय परदेशी पुस्तकांतच शोधला पाहिजे असे नाही. मराठी ख्रिस्ती परंपरेत तो फार पूर्वीच सापडलेला आहे. त्या परंपरेचा पहिला धडा असा की, प्रार्थनेचे आमंत्रण देता येते, सक्ती करता येत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुलींना परत नेले. पालकांची धास्ती समजण्याजोगी होती. रमाबाईंचे म्हणणेही तितकेच स्पष्ट होते : कोणावर बळजबरी करणार नाही, आणि येणाऱ्यासाठी दारही लावून घेणार नाही.

बारा वर्षांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हीच भूमिका वेगळ्या प्रकारे प्रकट झाली. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली तेथे आश्रयास होत्या. अन्नवस्त्र रमाबाईंकडून मिळणाऱ्या त्या मुलींना प्रार्थनेस बसण्याची आज्ञा देणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी जानेवारी १९०५ मध्ये केवळ विचारले की, रोज प्रार्थनेस स्वेच्छेने कोण येईल? सुमारे ७० जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस तेथे जे भावनिक उधाण आले त्याविषयी मतभेद होऊ शकतात. अश्रू आणि आवेश म्हणजेच भक्ती असे कोणी मानण्याचे कारण नाही. पण आरंभ सक्तीने झाला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिवाय त्या मुलींचा दिवस शेती, विणकाम, छापखाना अशा कष्टांनी भरलेला होता, आणि प्रार्थना त्या कष्टांच्या जोडीने चालत होती.

टिळक दांपत्याचे उदाहरण तर एकाच घरातले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षे केवढ्या दुःखाची होती हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. पतीच्या शब्दाला कायद्याइतके वजन असण्याच्या त्या काळात लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पावलांनी आणि स्वतःच्या निश्चयाने. जे पत्नीच्या बाबतीत खरे, ते वयात येणाऱ्या मुलाच्या बाबतीत अधिकच खरे आहे.

दुसरा धडा भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस काही द्या, ही नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी त्यांच्या पुराणाच्या आरंभीच आलेली आहे. त्या मागणीतून १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. लोकांच्या ओठांवर ओवी होती, म्हणून ख्रिस्तकथा ओवीत आली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे भाषांतर केले तेही साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत व्हावे या हट्टाने. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात.

मात्र टिळकांची भाषाही आजच्या मुलाला जशीच्या तशी पुरणार नाही. घरात एक भाषा, मित्रांत दुसरी आणि प्रार्थनेत तिसरीच जडजंबाल भाषा, अशी स्थिती असेल तर मुलाचा असा ग्रह होतो की, देवाशी बोलताना आपण दुसरेच कोणी बनले पाहिजे. परंपरेने आलेल्या प्रार्थना टाकून द्याव्यात असा याचा अर्थ नव्हे. त्या संकटकाळी आधार देतात. मन सुन्न झाले असता आधी पाठ असलेले शब्दच ओठांवर येतात. पण त्यांच्या शेजारी मुलाच्या स्वतःच्या चार वाक्यांना जागा हवी, मग ती कितीही ओबडधोबड असोत.

या चार वाक्यांत तक्रारीलाही मज्जाव असू नये. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत; भक्त देवाला जाब विचारतो, तू दूर का राहिलास म्हणून आक्रोश करतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूची प्रार्थना घाम गाळणाऱ्या माणसाची होती. मराठी मुलाला तर ही रीत परकी वाटण्याचे कारणच नाही, कारण नामदेव-तुकारामांचे विठ्ठलाशी झालेले भांडण त्याने शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. मैत्री तुटली, वडिलांची नोकरी गेली, आजी आजारातून उठली नाही, अशा वेळी मुलाच्या मनात जो राग असतो तो प्रार्थनेत आणण्याची त्याला मुभा नसेल, तर तो राग प्रार्थनेबाहेर राहतो आणि काही दिवसांनी मुलगाही बाहेर राहतो.

तिसरा धडा मौनाचा. कर्जतहून बोरघाट चढून गेले की लोणावळा लागते. तेथे फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) या येशूसंघीय धर्मगुरूंची ‘साधना’ संस्था १९७८ मध्ये पुण्याहून आली, आणि त्याच वर्षी त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक निघाले. शरीर स्थिर करणे, श्वासाकडे लक्ष देणे, कानावर पडणारे आवाज नुसते ऐकणे, अशा साध्या पायऱ्यांनी ते प्रार्थनेकडे नेत. त्यांच्या लेखनातील काही भागावर व्हॅटिकनने १९९८ मध्ये आक्षेप नोंदविले. तो वाद सिद्धांतांचा आहे. परंतु बोलण्यापूर्वी गप्प बसता आले पाहिजे, ही त्यांची शिकवण ख्रिस्ती परंपरेतील पुरातन गोष्ट आहे. फ्रान्समधील तेझे गावी बंधू रॉजर यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या मठात आजही दरवर्षी हजारो तरुण जातात. तेथे करमणूक नाही, जोरकस प्रवचने नाहीत. पुनःपुन्हा म्हटली जाणारी छोटी गीते आणि प्रत्येक प्रार्थनेच्या मध्यावर काही मिनिटांची निःशब्द शांतता आहे. तरुणांना शांतता सोसत नाही, हा वडीलधाऱ्यांचा समज तेथे खोटा ठरतो.

यावर आक्षेप घेतला जाईल की, एवढे स्वातंत्र्य दिल्यास मुले प्रार्थनेस येणारच नाहीत. या आक्षेपात शिस्तीविषयीची जी चिंता आहे ती रास्त आहे. वेळ आणि जागा ठरलेली असल्याखेरीज कोणतीच साधना टिकत नाही. वारकरी घरातला हरिपाठ ठरल्या वेळी होतो म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पण वेळ घराने ठरवावी, अंतःकरण मुलाचे मुलाकडे राहू द्यावे. वडील स्वतः रोज दहा मिनिटे शांत बसत असतील, तर ती शिस्त मुलाला दिसते. ते मुलाला बसवून स्वतः दूरदर्शन संचासमोर जात असतील, तर तेही दिसते. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. शिक्षकांनी, वर्गात एकटाच ख्रिस्ती असलेला विद्यार्थी असताना, हे विसरू नये. पालकांनी त्याहून पुढचे पाहावे. कायद्याच्या दृष्टीने मुलाची संमती ते देऊ शकतात. देवासमोर ती मुलालाच द्यावी लागते.

कळंबसारख्या गावातील घराला यातून काय करता येईल? त्यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. संध्याकाळी दहा मिनिटे पुरेत. प्रथम दोन मिनिटे मौन. मग दिवसभरात कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात आणि कशाची खंत वाटते याचा ज्याने त्याने मनाशी घेतलेला आढावा, जो इग्नाती लोयोला यांच्या काळापासून येशूसंघीय रोज घेत आले आहेत. शेवटी एक परिचित प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी. आठवड्यातून एकदा प्रार्थना चालविण्याचे काम मुलाकडे द्यावे आणि त्याचे शब्द सुधारू नयेत. मुलगा प्रार्थनेत जे बोलेल ते नातेवाइकांत चर्चेचा विषय करू नये; एकदा असे झाले की तो पुन्हा मोकळे बोलत नाही. महिन्यातून एकदा कर्जत-नेरळ-खालापूर भागातील दोन-चार कुटुंबांनी एकत्र यावे, म्हणजे मुलांचे एकटेपण कमी होईल. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी अशा विखुरलेल्या घरांची आठवण केवळ नाताळात ठेवू नये. आणि एखादे मूल दीर्घकाळ खिन्न दिसत असेल, जेवणझोप सोडत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. तसे करण्यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

या साऱ्यानंतरही काही मुले दूर जातील. काही पुष्कळ वर्षांनी परततील, काही परतणारही नाहीत. याची हमी कोणतेही घर देऊ शकत नाही. पण ज्या घरात प्रार्थना म्हणजे खरे बोलण्याची जागा होती, त्या घरातून गेलेल्या मुलाला परतीची वाट ठाऊक असते. जेथे ती केवळ हजेरी होती, तेथे हजेरीपट बंद झाल्यावर आठवण ठेवावी असे काही उरत नाही. मराठी ख्रिस्ती समाज संख्येने लहान असला तरी त्याच्यामागे स्टीफन्स, रमाबाई आणि टिळक यांचे संचित आहे. त्यातील थोडे जरी नव्या पिढीच्या हाती सक्तीवाचून, तिच्याच भाषेत पोचविता आले, तर कळंबच्या एकट्या घरातील दहा मिनिटेही पुरेशी ठरतील.